माहेरची बाटली

औषधाच्या दुकानात एकतीस वर्षं उभी राहिलेली बाई काय लिहिणार, असं मी संपादकांना फोनवर म्हणाले. ते म्हणाले, उभं राहून जे दिसलं ते लिहा. तसं दिसण्यासारखं फार नसतं. काउंटरच्या ह्या बाजूला मी आणि त्या बाजूला ताप, खोकला, साखर, गुडघे. शनिवार-रविवारी त्यात नागावच्या किनाऱ्यावर आलेल्या मुंबईकरांची भर. कुणी जेलीफिशनं डसलेला पाय घेऊन लंगडत येणार, कुणी उन्हानं सोललेल्या पाठीला काहीतरी मागणार. दोन वर्षं झाली, दुकान मी एका तरुण फार्मासिस्टला चालवायला दिलं. माझ्या गुडघ्यांनी आधी राजीनामा दिला, मग मी. तरी सकाळचे नऊ वाजले की हात अजून चावी शोधतात.

माझी ओळख थोडक्यात देते, कारण ती द्यायला मला आवडते. पेणकडच्या खाडीकाठी आमचं मिठागर. आमचं म्हणजे मालक दुसरे, राबायला आम्ही. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस म्हणजे मी, वासंती, बी. फार्म. पदवीचं प्रमाणपत्र मी दुकानात अशा जागी लावलं होतं की गिऱ्हाईक आत शिरलं की देवाच्या तसबिरीआधी त्याला तेच दिसावं. माझी आई म्हणायची, देवाला राग येईल. मी म्हणायचे, देवानं परीक्षा दिली होती का?

आता कामाचं सांगते. आमच्या कपाटात औषधांचं एक मोठं खानदान असतं. ह्यातल्या सगळ्यांची नावं 'सेफ'नं सुरू होतात. सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, अशी बरीच. शास्त्रातलं नाव सेफॅलोस्पोरिन. जंतू मारणारी औषधं, म्हणजे अँटिबायोटिक. घसा, छाती, लघवी, जखम, कुठंही जंतू शिरले की डॉक्टर ह्यांच्यातल्या एकाला धाडतात. गुणी औषधं आहेत. पण खानदान म्हटलं की प्रत्येकाचा स्वभाव आला. ह्याचं त्याच्याशी पटत नाही, तो आला की हा कामच करत नाही. हे ज्याला ठाऊक तो फार्मासिस्ट. नुसती पट्टी कापून देणाऱ्याला कात्री पुरते.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की रुग्णाला विचारा, दुसरं काही औषध चालू आहे का. मी पहिली दोन वर्षं इमानदारीनं विचारलं. उत्तर एकच यायचं, "न्हाय." मग आमच्या शेजारचे एक तात्या आले. छातीत कफ, डॉक्टरांनी सेफपोडॉक्झिम दिलेलं, पाच दिवस झाले तरी उतार नाही. मी त्यांना बाकावर बसवलं आणि म्हटलं, "तात्या, सकाळी डोळा उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत तुमच्या तोंडात काय काय जातं, ते ओळीनं सांगा."

"उठल्या उठल्या मिश्री."

"बरं. मग?"

"मग पित्ताची गोळी. मग च्या."

"पित्ताची गोळी? मी विचारलं तेव्हा दुसरं औषध नाही म्हणालात!"

"ते काय औषध हाय का? ती तर नऊ वर्सं खातोय."

हे असं. जे रोजचं झालं ते औषध उरत नाही, ते मिश्रीच्या आणि चहाच्या रांगेत जाऊन बसतं. पित्ताच्या गोळीनं पोटातलं आम्ल कमी होतं, आणि सेफपोडॉक्झिमला अंगात भिनायला तेच आम्ल लागतं. तात्या जंतूंचं औषध गिळत होते आणि त्यातलं बरंचसं भिनतच नव्हतं. मी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पित्ताची गोळी आठवडाभर थांबवली. तात्या बरे झाले आणि सगळीकडे सांगत फिरले की डॉक्टरपेक्षा केमिस्टबाई हुशार. हे डॉक्टरांच्या कानावर गेल्यावर महिनाभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायला लागले. त्यातून एकेक बाहेर पडायचं. एका गृहस्थांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली, रक्त पातळ ठेवायची गोळी ते रोज देवपूजेनंतर तीर्थासारखी घेत, आणि म्हणून ती औषधात मोजत नसत. त्यांना सेफिक्झिम सुरू झालं आणि चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त. ह्या खानदानातली काही मंडळी त्या गोळीचा जोर वाढवतात. त्यांना त्याच दिवशी रक्त तपासायला अलिबागला पाठवलं, डॉक्टरांनी गोळी कमी केली, निभावलं.

आणि एक आजी तर केळीच्या पानात नातवाची शी गुंडाळून थेट काउंटरवर घेऊन आल्या. "रगत पडतंय पोराला, बघ बाय!" गिऱ्हाइकं चार पावलं मागे. मी नाकाला पदर लावून बघितलं. लाल होती खरी. पण बाळाला सेफडिनिर चालू होतं आणि वर ताकदीचं लोहाचं औषध. दोन्ही पोटात एकत्र आली की शी लालसर होते, रक्ताचा संबंध नाही. दोन्हींच्या मध्ये दोन तासांचं अंतर ठेवायचं, एवढंच. तरी डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं. आजी म्हणाल्या, "मंग हे पान कुठं टाकू?"

ह्या खानदानात एक मात्र असं आहे की त्याच्यापुढे मी कधी हसले नाही. म्हणजे एकदा हसले. ते पुढे सांगते. त्याचं नाव सेफोपेराझोन. इंजेक्शनातून देतात. जखम चिघळली, पू झाला, की उपयोगी. त्याचं दारूशी हाडवैर आहे. आपण प्यालेली दारू शरीरात दोन टप्प्यांत मोडते. पहिल्या टप्प्यात एक विषारी पदार्थ तयार होतो आणि दुसऱ्यात त्याचा निचरा होतो. हे इंजेक्शन दुसरा टप्पाच अडवून धरतं. मग ते विष अंगात साठतं. अर्ध्या तासात तोंड लालबुंद, घाम, उलट्या, डोकं फुटायची वेळ, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. माणसाला वाटतं, आता गेलो. शेवटचं इंजेक्शन घेतल्यावरही तीन दिवस हा धोका राहतो. म्हणून ही कुपी देताना मी प्रत्येक बाप्याला बजावायचे. एक नारळवाला मला म्हणाला, "ताई, माडी चालंल ना? ती झाडाची हाय."

"झाडाची असली तरी चढते ना?"

"चढते."

"मग नाही चालणार. नारळपाणी पी."

"ते आम्ही पीत न्हाय. ते पाहुण्यांना इकायला असतं."

बाप्यांना बजावायचे, असं मी वर लिहिलं. तिथंच माझं चुकलं, आणि आता कमलबद्दल लिहायला हवं.

कमल माझी मिठागरावरची मैत्रीण. एका वयाच्या, एका आळीतल्या. सातवीनंतर तिची शाळा सुटली, माझी चालू राहिली. मीठ ओढायचा हंगाम आणि परीक्षेचा हंगाम एकच. पाट्या वाहायला माणसं मोजून लागत, घरटी दोन. माझ्या परीक्षेच्या दिवसांत कमल मुकादमाला सांगायची, "वसूच्या खेपा मी करते." संध्याकाळी तिच्या टाचांना मिठानं चिरा पडलेल्या असायच्या, ती त्यात खोबरेल भरत बसायची आणि मी शेजारी बसून तिला धडे वाचून दाखवायचे. तिला शरीरशास्त्र फार आवडायचं. "आतडी एवढी लांब? मग माझ्या बापाची कुठं गेली, त्याचं पोट तर खपाटीला!" असं काहीतरी बोलायची आणि आम्ही हसत सुटायचो.

लग्न होऊन ती नागावच्या पलीकडच्या गावात आली आणि पुढे माझं दुकानही ह्याच रस्त्यावर झालं, हा आमचा दोघींचा योग. तिचा नवरा ट्रकवर होता. माणूस चांगला, दारूनं लवकर गेला. मुलगी एकच, मनीषा. कमलनं भाजी विकून, पांढऱ्या कांद्याच्या माळा विकून तिला वाढवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार आटोपला की रिकामी पाटी घेऊन ती दुकानात यायची, बाकावर टेकायची. गिऱ्हाईक असलं की गप्प बसायची, ते गेलं की पुन्हा सुरू. माझ्या आठवड्याला ते दोन दिवस होते, बाकीचे नुसते वार होते.

मनीषाला दिलं ते घर माळकरी. मासळी नाही, दारूचं तर नाव नाही. जावई नितीन, शांत मुलगा. पहिलं बाळंतपण माहेरी कमलनं केलं, छान झालं. दुसरं सासरी. आमच्याच रस्त्यावर एक लहान प्रसूतिगृह होतं, तिथं. सिझेरियन झालं आणि तिसऱ्या दिवशी टाक्यांत पू झाला, ताप चढला. तिथल्या डॉक्टरबाई कडक आणि हुशार. त्यांनी सेफोपेराझोन सुरू केलं. नितीन चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आला. मी कुप्या काढता काढता सवयीनं म्हटलं, "पेशंट पीत नाही ना?"

"ताई, पेशंट मनीषा आहे!" तो म्हणाला.

मी हसले. तोही हसला. हेच ते हसणं.

दुसऱ्या दिवशी कमल आली. "उद्या पाचवी हाय गो नातवाची. सगळं घेऊन जायाचं. लाडू केले, अळीव घेतले. तो बाळंतकाढा दे, पहिल्या खेपेला दिला तोच. चार बाटल्या प्याली व्हती मनी, कशी टुणटुणीत झालेली!"

बाळंतकाढा म्हणजे दशमूलारिष्ट. दहा मुळांचा काढा गुळात आंबवून करतात. पाचव्या दिवशी बाळंतिणीच्या माहेराहून तो न्यायचा, असा आमच्याकडे रिवाज. तो आयुर्वेदाच्या फळीवर असायचा, त्याला चिठ्ठी लागत नाही, कुणी विचारत नाही. मी स्टुलावर चढले, बाटली काढली, फडक्यानं पुसून तिच्या हातात दिली. नातवाचं नाक आजोबांवर गेलंय का आजीवर, ह्यावर आमचं भांडण झालं. तिला मी प्रश्न विचारला नाही. मी सगळ्या गावाला ओळीनं विचारायचे, कमलला कशाला विचारू? ती गिऱ्हाईक थोडीच होती?

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला नितीन धावत आला. हातात डॉक्टरबाईंची चिठ्ठी, तोंड पांढरंफटक. "ताई, तिला इंजेक्शन मानवत नाहीये. अंग लालबुंद होतं, उलट्या थांबत नाहीत, छाती अशी उडतेय की बाहेरून दिसतेय. बाई म्हणतात, रक्ताची गुठळी असू शकते. ॲम्ब्युलन्स सांगून ठेवलीय, मुंबईला न्यायचं. बाळाला वरचं दूध लावलंय."

चिठ्ठीवर ॲलर्जीची औषधं होती. ती काढताना मी विचारलं, "आज इंजेक्शन किती वाजता दिलं?"

"सकाळी नऊला."

"आणि त्रास?"

"जेवल्यावर. दीडला. काल रात्रीपण जेवल्यावरच झालं."

"त्याआधीचे दिवस?"

"काहीच नाही. काल सासूबाई पाचवीचं घेऊन आल्या तेव्हापासून."

माझे हात थांबले. जेवणानंतर चार चमचे, तेवढ्याच पाण्यातून. हे मीच बाटली देताना कमलला सांगितलं होतं. फळीवरची दुसरी बाटली मी खाली घेतली आणि चष्मा लावून लेबल वाचलं. अगदी खालच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, की ह्यात आंबवताना आपोआप तयार झालेलं अल्कोहोल आहे. ते मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलं होतं मी ते, गुणही मिळाले होते.

दुकान उघडं टाकून मी नितीनच्या मोटरसायकलवर बसले. प्रसूतिगृहात डॉक्टरबाई, मनीषाची सासू आणि कमल, तिघी मनीषाच्या खाटेशी. मनीषा डोळे मिटून पडलेली, गळा आणि गाल भाजल्यासारखे लाल. मी डॉक्टरबाईंना लेबल दाखवलं आणि वेळा सांगितल्या. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, दोनदा वाचलं. मनीषाच्या उशाशी असलेली उघडलेली बाटली उचलली आणि ती नर्सच्या हातात देऊन म्हणाल्या, "हे बंद. इंजेक्शन बदलते मी. सलाईन चालू राहू दे." मग ॲम्ब्युलन्सला थांबायला सांगितलं.

"काय हाय त्यात?" सासूनं विचारलं.

"अल्कोहोल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हंजे दारू?"

मी सांगायला लागले की ती घातलेली नसते, गूळ आंबला की थोडी आपोआप होते, एरवी लाखो बाळंतिणी पितात, ह्या इंजेक्शनाबरोबरच तेवढी चालत नाही. पण 'दारू' हा शब्द एकदा खोलीत आल्यावर माझं कोण ऐकतंय? सासू कमलकडे वळली. "विहीणबाई, तुमचा नवरा त्यातच गेला. आता माझ्या सुनेला पाजताय? माळेच्या घरात दारू आणून पाजलीत?"

"मी काढा आणला वो," कमल म्हणाली. "पहिल्या खेपेला पण दिला व्हता. मला काय म्हाईत..."

"कुठून आणला?"

कमलनं माझ्याकडे पाहिलं.

ह्याच वेळी डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या एरवी केमिस्टशी दोन शब्द बोलत नसत. त्या म्हणाल्या, "वासंतीताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून पोरगी वाचली. दुसरा कुणी असता तर नुसत्या कुप्या दिल्या असत्या." नितीननं हात जोडले. सासूनंही जोडले.

मला एक वाक्य बोलायचं होतं. बाटली माझ्याकडून नेली, इंजेक्शनही माझ्याकडचं, दोन्ही मला माहीत होतं, विचारायचं काम माझं होतं. मोजून बघितलंय मी नंतर, एका श्वासात बसतं. ते मी बोलले नाही. मिठागरातून इथवर आलेल्या मला, ते हात जोडलेले पाहून, खाली बघता येईना. कमल माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं सासूला उत्तर दिलं, "आणला बाजारातनं."

मनीषा दोन दिवसांत सावरली. बाळ पुन्हा अंगावर प्यायला लागलं. मला दोघांच्या जिवाचं समाधान आहे, ते मी नाकारत नाही. पण कमलनं केलेले लाडू डब्यासकट परत गेले. बारशाला तिला बोलावणं नव्हतं. त्या वर्षी गणपतीला मनीषाला माहेरी पाठवलं नाही. पुढे नितीननं घरच्यांना समजावलं, येणंजाणं सुरू झालं, पण 'दारू पाजणारी कमल' हे तिला गावात चिकटलं ते चिकटलंच. बाजारात बायका हसत म्हणायच्या, "कमल, कांद्याची माळ कशात भिजवलीयस?" आणि मी दुकानात बसून हे ऐकायचे.

त्यानंतर कमल माझ्या दुकानात आली नाही. पहिल्या मंगळवारी मी वाट बघितली, शुक्रवारीही. पुढे तिला रक्तदाब झाला, त्याच्या गोळ्या ती अलिबागहून आणते असं कळलं. अलिबागची एसटी माझ्या दुकानासमोरच्या थांब्यावर थांबते. महिन्यातून एकदा ती तिथं उभी असायची, पाठ माझ्याकडे. मी काउंटरवरून बघत राहायचे. तिच्या खांद्यावरून मला कळायचं की थकलीय, की ह्या महिन्यात बरी आहे. गाडी आली की ती चढायची, आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत बसायची. लग्नाकार्यात भेटलो तर "बरी हायस?" "बरी आहे." एवढंच. मी तिच्याकडे जाऊ शकले असते. दुकानापासून तिच्या घरापर्यंत चालत पंचवीस मिनिटं लागतात.

दुकानातला बाक मी काढला नाही. त्यावर नंतर खोकी ठेवायला लागले, कारण तो मोकळा दिसला की कुणीतरी बसायचं, आणि ते मला सहन व्हायचं नाही. दुसरं एक केलं. आयुर्वेदाच्या फळीवरची प्रत्येक बाटली विचारूनच द्यायची, ही सवय लावून घेतली. बाळंतिणीचा काढा मागायला आलेल्या शेकडो बायकांना मी विचारलं, टाक्यांना काही झालंय का, इंजेक्शन चालू आहे का, कागद दाखवा. काहीजणी वैतागायच्या. एक म्हणाली, "एवढी उलटतपासणी तर सोयरीक जुळवताना झाली न्हाय." त्यांतल्या तिघींना तरी मी काढ्याशिवाय परत पाठवलं. त्या तिघींच्या आयांना कुणी काही बोललं नसेल. त्यांना ते ठाऊकही नसेल.

ह्या अंकाचं बोलावणं आलं तेव्हा मी ठरवलं, लिहायचं तर हेच. पण तिला न विचारता कसं लिहू? श्रावणात एका सकाळी गेले. सतरा वर्षांनी. ती पडवीत बसून बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होती. केस पांढरे झालेत. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असेल तर ते तिनं दाखवलं नाही.

"वसू काय? बस."

मी बसले. काय लिहिणार ते सांगितलं. बाटली माझी होती, इंजेक्शन माझं होतं, विचारलं नाही ते मी, आणि गप्प बसले ती पण मी. ती सोलत राहिली. सोललेला वाल एका बाजूला, सालं दुसऱ्या बाजूला.

"सतरा वर्सं लागली गो तुला."

"तू का नाही बोललीस, कमल? एक शब्द टाकला असतास की वासंतीच्या दुकानातून आणली..."

"मग डॉक्टरबाईनं तुझ्याकडं माणसं धाडली असती? आमच्यातली एक पोर शिकली, तिचं दुकान मी बुडवू?" तिनं हातातली सालं बाजूला टाकली. मग म्हणाली, "मी तुझ्या तोंडाकडं बघत व्हते. म्हटलं, आता बोलेल. मग म्हटलं, सगळ्यांसमोर न्हाय, भाईर गेल्यावर बोलेल. मग म्हटलं, बारशाला जाऊन बोलेल त्यांच्या घरी. मग बघायचं सोडलं."

मला वाल सोलायला घ्यायचे होते. हाताला काहीतरी हवं होतं. पण परात तिच्या मांडीशी होती, आणि तिनं ती माझ्याकडे सरकवली नाही.

"अंक आला की मी स्वतः नेऊन देईन नितीनच्या घरी," मी म्हटलं.

"म्हातारी तर गेली दोन वर्सांमागं. बोलली ती व्हती. तिला आता कोण वाचून दाखवणार?"

मी म्हटलं, "बाकीचे वाचतील. मनीषाची मुलं वाचतील. तू काळजी करू नको, मी सगळ्यांची नावं बदलून लिहीन. तुझंही."

तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर केली.

"माझं कशाला बदलतीस? मला दारू पाजणारी म्हणाले, तवा नाव घेऊन म्हणाले. तू पण नाव घेऊन सांग."

ह्या लेखात माझ्याखेरीज बाकी सगळ्यांची नावं मी बदलली आहेत. कमलचं तेवढं खरं आहे.